मोबदला कशावर मोजतात? पर्यावरणपूरक कामाची एक कसोटी

पर्यावरणपूरक रोजगाराचा विषय निघाला की प्रथम एक यादी पुढे येते: सौरऊर्जा, पवनचक्क्या, विजेवर चालणारी वाहने, कचऱ्याचे पुनर्चक्रीकरण, सेंद्रिय शेती. नोकरी शोधणाऱ्याला ही यादी सोयीची असते, कारण क्षेत्राचे नाव पाहून अर्ज करता येतो. सरकारलाही ती सोयीची असते, कारण त्या क्षेत्रांतली डोकी मोजली की हरित रोजगार किती निर्माण झाले ते सांगता येते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची व्याख्या मात्र यादीपाशी थांबत नाही. पर्यावरणाचे जतन किंवा पुनरुज्जीवन करणारे सन्मान्य काम, मग ते कारखानदारी आणि बांधकामासारख्या जुन्या क्षेत्रातले असो की अक्षय ऊर्जेसारख्या नव्या, असा तिचा आशय आहे. यात दोन अटी आहेत. कामाने निसर्गाचे भले झाले पाहिजे आणि ते करणाऱ्याला पुरेसे वेतन, सुरक्षितता व मान मिळाला पाहिजे.

व्याख्या चांगली आहे, पण समोर आलेले एखादे काम या दोन्ही अटींत बसते की नाही हे ओळखायचे कसे, ते तिच्यातून कळत नाही. त्यासाठी मी एक कसोटी मांडतो. कामाचा मोबदला कोणत्या एककावर मोजला जातो ते पाहावे. टन, घनमीटर, हेक्टर, किलोवॅट, बांधकाम खर्चाची टक्केवारी यांपैकी जे एकक ठरते, त्याच्या दिशेने काम वाहू लागते. माणूस, हत्यार आणि जागा तीच राहूनही एकक बदलले की मातीवर, पाण्यावर आणि हवेवर होणारा परिणाम बदलतो. महाराष्ट्रातल्या काही कामांवर ही कसोटी लावून पाहू.

कचरा: वजनाचे दाम आणि वर्गीकरणाचे दाम

शहरातला कचरा हलवण्याची रूढ पद्धत म्हणजे ठेकेदाराला वाहून नेलेल्या टनामागे पैसे देणे. गाडी काट्यावर चढते, वजन होते, बिल निघते. या व्यवस्थेत ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्यात ठेकेदाराचा काहीच फायदा नसतो. भिजलेला कागद कोरड्या कागदापेक्षा जड भरतो आणि वाटेत कोणी कागद, काच, पत्रा काढून घेतला तर बिल कमी होते. शहराचे हित कचरा कमी होण्यात असते, ठेकेदाराचे तो वाढण्यात. डेपोवर पोचलेल्या मिश्र ढिगात ओला भाग हवेविना कुजतो आणि मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट अधिक उष्णता धरून ठेवतो, शिवाय तो पेटही घेतो. २०१६ च्या जानेवारीत मुंबईच्या देवनार डेपोला लागलेल्या आगीचा धूर आसपासच्या वस्त्यांनी कित्येक दिवस सोसला.

त्याच कचऱ्यातला कागद, प्लास्टिक, काच आणि धातू वेचून विकणाऱ्या बाया पुण्यात कितीतरी आधीपासून काम करत होत्या. १९९३ साली त्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी राहिली. कष्टकरी चळवळीतले नेते बाबा आढाव यांचे मार्गदर्शन तिला होते आणि एसएनडीटी विद्यापीठाच्या पुण्यातील प्रौढशिक्षणाच्या कामातून आलेल्या पूर्णिमा चिकरमाने व लक्ष्मी नारायण यांनी तिच्या उभारणीत मोठा वाटा उचलला. पुणे महापालिकेने त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली, आणि २००८ मध्ये पालिकेशी झालेल्या करारातून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करू लागली. आज तिच्याकडे साडेतीन हजारांहून अधिक कचरावेचक आहेत, त्यांत बहुसंख्य स्त्रिया.

या बदलात बाई तीच राहिली आणि माल तोच राहिला, पण साखळीतली तिची जागा बदलली. पूर्वी ती कचराकुंडीत शिरून ओल्यात कालवलेला कागद उपसत होती. आता घराच्या दारात कोरडा कागद तिच्या हाती येतो, आणि भंगाराच्या दुकानात कोरड्या कागदाला चांगला भाव मिळतो. तिच्या कमाईचे दोन भाग आहेत. एक घरटी मिळणारे महिन्याचे सेवाशुल्क, दुसरा सुका माल विकून येणारे पैसे. म्हणजे जितके वर्गीकरण चांगले, तितकी तिची मिळकत जास्त. टनामागे बिल करणाऱ्याचा नफा ज्या दिशेला असतो, त्याच्या बरोबर उलट दिशेला तिचा असतो, आणि ती दिशा शहराच्या हिताची आहे. पुनर्चक्रीकरणातून वाचणारी ऊर्जा लहानसहान नसते. खनिजापासून ॲल्युमिनियम बनवण्याच्या तुलनेत जुने ॲल्युमिनियम वितळवून वापरल्यास सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते.

यातले सेवाशुल्क मला विशेष महत्त्वाचे वाटते. भंगाराचे भाव जागतिक बाजाराशी बांधलेले असतात. २००८ च्या अखेरीस जगभर मंदी आली तेव्हा ते कोसळले. फक्त माल विकून जगणाऱ्या वेचकावर अशा वेळी उपासमार येते, दारोदार शुल्क घेणारीला निदान एक आधार उरतो. निसर्गासाठी उपयोगी असलेल्या कामाची सारी जोखीम ते काम करणाऱ्या सर्वांत गरीब माणसावर टाकली तर व्याख्येतली दुसरी अट मोडते. म्हणून नुसते ‘परिणामावर दाम’ हे सूत्र पुरे पडत नाही. मोबदल्याचा एक भाग स्थिर हवा आणि एक भाग परिणामाशी जोडलेला हवा. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरावेचकांना या व्यवस्थेत सामावून घेण्यास सांगितले, पण शुल्क किती, करार किती वर्षांचा आणि सुक्या मालावर हक्क कोणाचा, हे शेवटी प्रत्येक पालिकेतल्या करारावर ठरते.

रोजगार हमी: घनमीटर आणि जगलेले झाड

पर्यावरणाच्या कामातून मजुरी देण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. वि. स. पागे यांच्या विचारातून आलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरली. तिचा कायदा १९७७ चा, आणि तो लागू झाला १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून. केंद्राच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्याला तिचाच आधार होता. तिच्यासाठी पैसा उभा करायला १९७५ पासून व्यवसाय कर बसवला गेला. आजही राज्यातल्या पगारदारांच्या पगारपत्रकात बहुतेक महिन्यांत २०० रुपयांची जी कपात दिसते, ती हीच. कार्यालयात बसून काम करणाऱ्या शहरी माणसाचा रोजगार हमीतल्या पाझर तलावाशी असलेला हा जुना आर्थिक संबंध फार थोड्यांना ठाऊक असतो.

या योजनेने नालाबांध, समपातळी चर, पाझर तलाव मोठ्या प्रमाणावर केले. मजुरी मात्र खोदलेल्या मातीच्या घनमीटरवर मोजली जात असे. दुष्काळात ते योग्यच होते, कारण पहिले उद्दिष्ट हाताला काम आणि पोटाला भाकर हे होते. पण मोजमाप खड्ड्याचे असल्यामुळे पाणी किती अडले, गाळ किती साचला, पाच वर्षांनी बांध टिकला का, हे प्रश्न कोणाच्याच हिशेबात आले नाहीत. माथ्यावरचे उपचार आधी आणि पायथ्याचा बंधारा नंतर हा पाणलोटाचा साधा क्रम अनेक ठिकाणी उलटा झाला आणि तलाव गाळाने भरले. हिवरे बाजार या गावाने याच प्रकारची सरकारी कामे आपल्या क्रमाने करून घेतली. सरपंच पोपटराव पवारांच्या काळात तिथे कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीसाठी बोअरवेल घेण्यावर बंदी आणि पावसाच्या आकड्यावरून दरवर्षी मांडला जाणारा पाण्याचा ताळेबंद या गोष्टी आल्या. गावाने हिशेबाचे एकक बदलले. किती खोदले याऐवजी किती पाणी शिल्लक आहे, हे ते मोजू लागले.

वृक्षलागवडीत हा फरक आणखी ठळक दिसतो. ‘इतकी कोटी रोपे लावली’ अशा मोहिमेत लक्ष्य लागवडीचे असते. २०१९ साली राज्याचे उद्दिष्ट ३३ कोटी रोपांचे होते. लक्ष्य रोपांचे असले की नर्सरी, वाहतूक, खड्डे यांची कामे निघतात आणि पावसाळा संपला की संपतात. याउलट १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडून सुरू झालेल्या फळबाग योजनेत शेतकऱ्याचे अनुदान तीन वर्षांत विभागून, झाडे जगल्याच्या प्रमाणावर देण्याची पद्धत आली. कोकणातल्या वरकस जमिनीवर आंबा-काजूच्या बागा त्या योजनेतून पसरल्या. उन्हाळ्यात पाणी घालणे, आळे करणे, गुरांपासून राखण करणे या कामाला तिथे किंमत आली, कारण जगलेल्या झाडाला किंमत होती.

इथेही जोखमीचा प्रश्न येतो. पाऊस पडला नाही आणि रोपे जळाली तर खड्डा खणणाऱ्या मजुराची मजुरी कापणे अन्यायाचे आहे. त्याचे दाम त्याच्या श्रमाचे असावे. परिणामाची जबाबदारी ज्याच्याकडे जमीन, निर्णय आणि पुढच्या वर्षीचा हक्क आहे, त्याच्यावर असावी.

ऊस: चार ठिकाणी तीन एकके

आता ज्या उद्योगाला हल्ली हरित ऊर्जेचा पुरवठादार म्हटले जाते, त्याकडे येऊ. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे मूळ २०३० चे उद्दिष्ट अलीकडे ओढून २०२५ वर आणले गेले, आणि मळी व रसापासून इथेनॉल करणाऱ्या साखर कारखान्यांना नवा ग्राहक मिळाला. यादी पाहून ठरवले तर आसवनीतला रसायनतज्ज्ञ, टँकरचालक आणि ऊसतोड कामगार हे सगळे हरित रोजगारात मोडतील. मला हे मान्य नाही, आणि त्याचे कारण या साखळीतल्या एककांत आहे.

शेतकऱ्याला पैसे उसाच्या वजनावर आणि साखर उताऱ्यावर मिळतात. कालव्याच्या पाण्याची पट्टी बहुतेक ठिकाणी पिकाच्या हेक्टरवर आकारली जाते. शेतीपंपाची वीज वर्षानुवर्षे अश्वशक्तीवर मोजली गेली, आणि २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना ती मोफत आहे. म्हणजे उत्पन्न टनावर आहे आणि पाण्याचा किंवा विजेचा खर्च वापरावर नाही. अशा स्थितीत शेतकऱ्याने पाणी जपावे असे त्याला सांगणे म्हणजे त्याने पदरमोड करून सर्वांचे भले करावे असे म्हणणे होय. राज्याच्या लागवडीखालील जमिनीच्या सुमारे ४ टक्के क्षेत्रावरचा ऊस सिंचनाच्या निम्म्याहून अधिक पाणी घेतो, तो शेतकऱ्यांच्या अज्ञानामुळे नव्हे. ठिबक बसवले तरी वाचलेल्या पाण्यावर पुढच्या शेतात आणखी ऊस उभा राहतो, कारण उत्पन्नाचे एकक बदललेले नसते.

तोडणीचा दरही टनावर आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घ्यायची आणि तोडून-वाहून ती फेडायची. टन भरला नाही तर उचल फिटत नाही, म्हणून आजारपण, बाळंतपण, पाळी यांना या दरात जागाच नाही. बीड जिल्ह्यात २०१६ ते २०१९ या तीन वर्षांत खासगी रुग्णालयांतून ४,६०५ गर्भाशये काढल्याचा आकडा २०१९ मध्ये राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत दिला. त्या सर्व शस्त्रक्रियांचे कारण एकच होते असे म्हणता येणार नाही, पण ऊसतोड स्त्रियांच्या साक्षी या दराकडे बोट दाखवतात. कोयत्याच्या दरात मातीलाही जागा नाही. तोडणीनंतर उरलेले पाचट शेतात पसरले तर ओल टिकते आणि जमिनीत सेंद्रिय कर्ब जातो. ते पसरण्याचे पैसे कोणी देत नाही, म्हणून अनेक शेतांत ते पेटवले जाते. गाडीत भरलेल्या इंधनाचा धूर कमी झाला तरी शेतातला राहतो.

दुसरी वाट राज्यातच सापडते. नाशिक जिल्ह्यातल्या ओझरला वाघाड धरणाच्या कालव्यावर १९९१ च्या सुमारास समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने आणि बापूसाहेब उपाध्ये यांच्या नेतृत्वाखाली पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. त्यांनी पाणी घनफळाने मोजून घेतले आणि मोजूनच वाटले. मोजलेल्या पाण्यावर शेतकऱ्यांनी विहिरींचा आणि कालव्याचा वापर एकत्र बसवला आणि द्राक्षे व भाजीपाल्याकडे वळले. २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने घनमापन पद्धत राज्यभरासाठी स्वीकारली. तिची अंमलबजावणी व्हायची तर चाऱ्यांवर मोजयंत्रे बसवणारे, नोंदी ठेवणारे आणि संस्थेने नेमलेले पाटकरी लागतात. हे काम कोणत्याही हरित नोकऱ्यांच्या जाहिरातीत दिसत नाही, आणि माझ्या मते आसवनीतल्या नोकरीपेक्षा ते पर्यावरणाला अधिक उपयोगी आहे.

सौरऊर्जा: बसवलेला किलोवॅट, मिळालेले युनिट

सौरऊर्जेत रोजगार किती, हे प्रकल्प कसा आहे त्यावर अवलंबून असते. ऊर्जा, पर्यावरण आणि पाणी परिषद व तिच्या सहयोगी संस्थांच्या २०१७ च्या अभ्यासानुसार छतावरच्या सौर संचांतून मेगावॅटमागे सुमारे २५ मनुष्यवर्षे काम निघते, जमिनीवरच्या मोठ्या प्रकल्पातून साडेतीनच्या आसपास, आणि पवनऊर्जेतून सव्वा. कारण सरळ आहे. मोठ्या माळरानावर एकाच मापाच्या ओळी यंत्राने झपाट्याने उभ्या राहतात, तर प्रत्येक छताचा उतार, सावली, तारजोडणी वेगळी असते आणि तिथे माणूस लागतो. साताऱ्यातल्या वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभारताना रस्ते, पाया, क्रेन यांचे काम निघाले, पण त्या फिरू लागल्यावर थोडी माणसे पुरतात.

छतावरच्या संचात बसवणाऱ्याला पैसे किलोवॅटमागे मिळतात, आणि अनुदानही क्षमतेवर ठरते. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये. तारा खालच्या दर्जाच्या असल्या, शेजारच्या टाकीची सावली दुपारी पडत असली, वर्षभर धूळ पुसली गेली नाही, तरी त्याचे बिल तेवढेच राहते. याउलट मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतल्या विकासकाला २५ वर्षे ग्रिडला दिलेल्या युनिटवर पैसे मिळतात. त्यामुळे पॅनेल धुणारे, इन्व्हर्टर दुरुस्त करणारे आणि उत्पादनाच्या नोंदी तपासणारे तंत्रज्ञ त्याला कायम ठेवावे लागतात. सहाशे तासांचा ‘सूर्यमित्र’ अभ्यासक्रम केलेल्या आयटीआयच्या मुलाला पहिल्या प्रकारच्या कंपनीत हंगामी जोडणीचे काम मिळते, दुसऱ्या प्रकारच्या ठिकाणी वर्षानुवर्षांचे. दोन्हीकडे त्याच्या हातातला पाना सारखाच असतो.

कार्यालय: निर्णय कुठे होतो

टेबलावर बसून केलेल्या कामाबद्दल कागद दोन्ही बाजूंनी छापणे आणि दिवे बंद करणे एवढेच बोलले जाते. ते करावे, पण त्याने फार फरक पडत नाही. घरून काम केले की प्रदूषण कमी होते, हेही तपासून घ्यावे लागते. जाऊन-येऊन तीस किलोमीटर मोटारीने जाणारा सुमारे दोन लिटर पेट्रोल जाळतो, म्हणजे साडेचार किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. तोच माणूस घरी दीड टनी एसी आठ तास चालवतो आणि तासाला एक युनिट धरले तर आठ युनिट होतात. आपल्या ग्रिडच्या युनिटमागे सुमारे ०.७ किलो धरल्यास साडेपाच किलोहून अधिक. कार्यालयातल्या थंड हवेत त्याचा वाटा होताच, तो वजा करावा लागेल, पण लोकलने जाणाऱ्याच्या बाबतीत हिशेब बहुधा घराविरुद्धच जाईल. एसीचे तापमान एका अंशाने वाढवले तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे म्हणणे आहे. घरी असो की कार्यालयात, पंखा लावून २६ अंशांवर बसणे हा अधिक खात्रीचा उपाय आहे.

मोठा फरक त्या टेबलांवर पडतो जिथे दुसऱ्यांच्या कामाचे एकक ठरते. वास्तुविशारदाचे शुल्क बांधकाम खर्चाच्या टक्केवारीत असेल, तर कमी सिमेंट-पोलादात आणि एसीविना थंड राहणारी इमारत आखून तो स्वतःचे उत्पन्न घटवतो. ऊर्जा लेखापरीक्षकाला अहवालाच्या पानांचे नव्हे, वर्षभरात प्रत्यक्ष वाचलेल्या युनिटांचे पैसे देणारा करार करता येतो. खरेदी अधिकारी निविदेत किमतीसोबत दहा वर्षांचा वीजखर्च आणि दुरुस्तीची हमी मागू शकतो. पालिकेतला लेखाधिकारी कचऱ्याचा ठेका टनाऐवजी वर्गीकरणावर लिहू शकतो. सेबीने २०२२-२३ पासून भांडवली बाजारातल्या आघाडीच्या एक हजार कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला, आणि त्यातून अहवाल लिहिणाऱ्यांच्या पुष्कळ नोकऱ्या निघाल्या. तिथे रुजू होणाऱ्याने मुलाखतीतच विचारावे, की अहवालातले आकडे खरेदी आणि उत्पादन विभागापर्यंत पोचतात का, आणि एखाद्या व्यवस्थापकाचा बोनस त्यांच्यावर ठरतो का. तसे नसेल तर ते काम कारकुनीचे आहे, कितीही चांगल्या हेतूने केले तरी.

पर्यावरणपूरक काम शोधणाऱ्या तरुणांना माझे सांगणे म्हणूनच क्षेत्राच्या यादीपेक्षा वेगळे आहे. सौर कंपनीत गेलात तर ती युनिटवर कमावते की किलोवॅटवर, ते विचारा. कारखान्यात, बँकेत, ग्रामपंचायतीत, गृहनिर्माण संस्थेत असाल तर ते सोडण्याआधी तिथे कोणता दर, कोणते शुल्क, कोणती निविदा तुमच्या टेबलावरून जाते ते पाहा. ज्या जागेवरून एकक बदलता येते, ती नोकरी सोडू नये.

पुढच्या दहा-पंधरा वर्षांत या कसोटीचा नवा कस लागणार आहे. आज माळरानांवर आणि छतांवर चढलेली पॅनेल तेव्हा उतरू लागतील. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलचा समावेश झाला असून उत्पादकांनी हा कचरा २०३४-३५ पर्यंत साठवून ठेवायचा आहे. त्यानंतर काच, ॲल्युमिनियमच्या चौकटी, तांबे, चांदी आणि सिलिकॉन वेगळे करण्याचे प्रचंड काम निघेल. त्याचे ठेके टनावर निघाले तर चौकटी आणि तारा काढून घेऊन उरलेली काच, तिच्यातल्या शिशासकट, खड्ड्यात जाईल आणि ती हाताळणाऱ्यांच्या फुप्फुसांची जबाबदारी कोणी घेणार नाही. वेगळ्या करून परत उद्योगात पोचवलेल्या प्रत्येक पदार्थावर दाम ठरले, आणि भंगारातला माल डोळ्यांनी ओळखणाऱ्या कचरावेचकांच्या संस्थांना प्रशिक्षण, हातमोजे, मास्क व स्थिर वेतनासह त्यात जागा मिळाली, तर गोष्ट वेगळी होईल. ते करार लिहिण्याची तयारी आत्ताच करावी लागेल, कारण साठवणुकीची मुदत संपल्यावर सर्वांत स्वस्त निविदा आधी मंजूर होते.